फ्रोबेल यांचा लोकरी चेंडू : बाळाच्या पहिल्या खेळण्याची गोष्ट



डी.एड.ला असताना फ्रोबेल हे नाव आपण सगळ्यांनीच पाठ केलं आहे. किंडरगार्टनचे जनक, जन्म १७८२, मृत्यू १८५२, बालोद्यान पद्धती. एवढं लिहिलं की टीपेचे गुण मिळायचे. त्यांच्या उपहारांची यादीही पाठ असायची. पहिला उपहार लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरा लाकडी गोल, दंडगोल आणि घन, तिसरा आठ लहान ठोकळ्यांचा घन, वगैरे.

पण हे लोकरीचे चेंडू नेमके कोणासाठी होते? बालवाडीतल्या चार वर्षांच्या मुलासाठी, असंच आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते आईच्या मांडीवरच्या, अजून बसताही न येणाऱ्या बाळापासून सुरू होतात. म्हणजे आज दुकानात सेन्सरी टॉईज म्हणून जी खेळणी मिळतात, त्यांचा एवढा शिस्तशीर विचार करणाऱ्या पहिल्या काही लोकांत फ्रोबेल यांचं नाव घ्यावं लागतं.

पालकसभेला येणाऱ्या आया कडेवरचं बाळ सांभाळत हमखास विचारतात, बाई, याला कोणतं खेळणं घेऊ? बाजारात तर खुळखुळ्यांपासून बॅटरीवर गाणी म्हणणाऱ्या, दिवे लावणाऱ्या खेळण्यांपर्यंत सगळं आहे. या प्रश्नाचं उत्तर शोधायला फ्रोबेल यांचं आयुष्य फार उपयोगी पडतं. म्हणून आज त्यांची ओळख जरा वेगळ्या बाजूने करून घेऊ.

आईविना बालपण

फ्रेडरिक फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतल्या थुरिंगिया भागातल्या ओबरवाइसबाख या डोंगराळ गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. गाव मोठं, आजूबाजूच्या वस्त्याही त्यांच्याकडे, त्यामुळे ते सतत कामात असायचे. फ्रेडरिक नऊ-दहा महिन्यांचा असतानाच त्याची आई वारली. आईचा चेहरा त्याला कधी आठवलाच नाही.

पुढची काही वर्षं घरातल्या नोकरमाणसांनी आणि मोठ्या भावांनी त्याला सांभाळलं. तो तीन वर्षांचा असताना वडिलांनी दुसरं लग्न केलं. नव्या आईने सुरुवातीला त्याला जवळ केलं आणि पोरगं तिच्याकडे धावलं. पण तिला स्वतःचा मुलगा झाल्यावर सगळं बदललं. ती त्याला जवळिकीच्या तू ऐवजी परक्या माणसाला उद्देशून बोलावं तशी बोलू लागली. आपल्याकडेही घरातल्या माणसाने अचानक बोलण्याची रीत बदलली की काय समजायचं ते मूल समजतं. फ्रोबेल यांनी ही गोष्ट मोठेपणी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली, यावरूनच ती किती खोल गेली होती ते कळतं.

घराभोवती चर्च, भिंती आणि उंच कुंपण होतं. दूरचं काही दिसायचं नाही, वर फक्त आभाळ. अभ्यासात मूल मंद आहे असं वडिलांचं मत झालं आणि त्यांनी त्याला गावातल्या मुलींच्या शाळेत घातलं. बागेतली झाडं, फुलं, किडे हेच त्याचे सोबती. दहा वर्षांचा झाल्यावर त्याला आईकडच्या मामाने श्टाटइल्म या गावी नेलं. तिथे पहिल्यांदा त्याला मोकळीक मिळाली, सवंगडी मिळाले. ती पाच वर्षं चांगली गेली.

कशातच जम बसेना

१७९७ मध्ये पंधराव्या वर्षी त्याला वनरक्षकाच्या हाताखाली शिकायला ठेवलं. तिथे शिकवणारा कोणी फारसा लक्ष देत नव्हता, पण जंगल भरपूर होतं. दोन वर्षांनी तो येना विद्यापीठात गेला. तिथे गणित आणि निसर्गविज्ञान आवडलं, पण पैसे पुरेनात. भोजनालयाची उधारी थकली आणि विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. मग घरी परत. १८०२ मध्ये वडीलही गेले.

त्यानंतर तीन-चार वर्षं जंगल खात्यात कारकुनी, जमिनीची मोजणी, कुणाच्या जमीनदारीचे हिशेब, असं मिळेल ते काम केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तेविसाव्या वर्षापर्यंत या माणसाचा कशातच जम बसला नव्हता. ज्या पालकांना आपल्या मुलाचं कसं होणार याची काळजी वाटते, त्यांनी हा भाग जरूर लक्षात ठेवावा.

१८०५ मध्ये ते वास्तुशास्त्र शिकायला फ्रँकफर्टला गेले. तिथल्या एका नव्या पद्धतीच्या शाळेचे मुख्याध्यापक ग्रुनर यांनी त्यांच्यातला शिक्षक ओळखला आणि त्यांना थेट वर्गावर उभं केलं. त्याच वर्षी ते स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्डन येथे पेस्टालॉझींची शाळा पाहून आले. पुढे होल्झहाउझेन नावाच्या घराण्यातल्या तीन मुलांचे ते खाजगी शिक्षक झाले. या मुलांना त्यांनी स्वतःची बाग करायला जमिनीचा तुकडा मिळवून दिला. १८०८ ते १८१० ही दोन वर्षं तिन्ही मुलांना घेऊन ते पेस्टालॉझींकडेच राहिले.

पेस्टालॉझींकडून त्यांनी वस्तू हाताळून शिकणं घेतलं. पण एक प्रश्न त्यांच्या मनात राहून गेला. शाळेत येण्याआधीची वर्षं जी आईजवळ जातात, त्यांचं काय?

दगड, युद्ध आणि शाळा

पुढे ग्योटिंगेन आणि बर्लिन इथे त्यांनी खनिजांचा, विशेषतः स्फटिकांचा अभ्यास केला. मधेच १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत स्वयंसेवक म्हणून भरती झाले. तिथे त्यांना मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल हे दोन आयुष्यभराचे सहकारी मिळाले. परत आल्यावर बर्लिनच्या खनिज संग्रहालयात साहाय्यकाची नोकरी केली. स्फटिक ठरावीक आकारात कसे वाढतात, साध्या आकारातून गुंतागुंतीचा आकार कसा होतो, हे ते तासन्‌तास पाहत. गोल, घन, दंडगोल हे आकार त्यांच्या उपहारांत का आले, त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

त्याच सुमारास त्यांचा भाऊ ख्रिस्तोफ साथीच्या तापाने वारला. लहानपणी ज्या भावाने माया केली त्याचीच मुलं आता पोरकी झाली होती. फ्रोबेल यांनी चांगली नोकरी सोडली आणि १८१६ मध्ये पुतण्यांना घेऊन ग्रीसहाइम या खेड्यात शाळा काढली. दुसऱ्या वर्षी ती काइलहाऊ येथे हलवली. १८१८ मध्ये हेन्रिएटा हॉफमाइस्टर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांना मूल झालं नाही.

१८२६ मध्ये त्यांचं मनुष्याचे शिक्षण हे पुस्तक निघालं. त्यात अगदी तान्ह्या बाळाबद्दलही लिहिलं आहे. बाळ जागं असताना त्याच्या नजरेला काहीच नसेल तर ते बरं नाही, म्हणून त्याला दिसेल असा चपळ पक्ष्याचा झुलता पिंजरा टांगावा, असं त्यांनी सुचवलं होतं. हलणारं, आवाज करणारं, जिवंत असं काहीतरी. आपल्याकडे पाळण्यावर चिमणाळं बांधतात, रंगीत कापडी चिमण्या आणि पोपट लटकवलेलं, त्याचीच आठवण होते ना!

पंचावन्नाव्या वर्षी चेंडू

सरकारी संशयामुळे काइलहाऊची शाळा उतरणीला लागली. १८३१ पासून फ्रोबेल स्वित्झर्लंडमध्ये काम करत होते. १८३५ मध्ये बुर्गडॉर्फ येथे अनाथालय आणि तिथली शाळा त्यांच्याकडे आली. तिथली लहान मुलं पाहताना त्यांची जुनी शंका पक्की झाली. शाळेत येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. पहिली चार-पाच वर्षं, त्यातही पहिले काही महिने, कोणी हिशेबातच धरत नाही.

पत्नीची तब्येत ढासळल्यामुळे ते १८३६ मध्ये जर्मनीला परतले. १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी त्यांनी एक संस्था काढली. तिचं मुख्य काम होतं लहान मुलांसाठी खेळसाहित्य तयार करणं आणि ते कसं खेळायचं हे घराघरांत पोचवणं. पुढच्या वर्षी त्यासाठी एक साप्ताहिकही सुरू केलं. वय पंचावन्न. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीचे दिवस मोजू लागतो.

या संस्थेचा पहिला उपहार म्हणजे हे चेंडू. लोकरीने विणलेले, मऊ, लहान मुठीत मावतील एवढे. सहा रंग: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. प्रत्येकाला एक दोरी.

ही दोरीच महत्त्वाची आहे. चेंडू एकट्या बाळाला द्यायचा असता तर दोरीची गरज नव्हती. दोरीचं दुसरं टोक आईच्या हातात असायचं. ती बाळासमोर चेंडू घड्याळाच्या लंबकासारखा हळूहळू झुलवायची आणि बाळाची नजर त्याच्यामागे जायची. मग चेंडू बाळाच्या मुठीत द्यायचा आणि दोरी अलगद ओढायची. बाळाला ओढ जाणवते, ते मूठ घट्ट करतं. आणखी थोडं ओढलं की चेंडू सुटतो. गेला! आणि लगेच परत येतो. आला! कधी चेंडू आईच्या मुठीत लपतो आणि पुन्हा दिसतो. मघाशी होता, आत्ता नाही, पुन्हा येईल, हे बाळाला शब्द कळायच्या आधी अंगाने कळतं. आणि हे सगळं करताना आई बोलत राहते, गुणगुणत राहते. वर, खाली, इकडे, तिकडे.

म्हणजे बघा, या चेंडूला स्वतःचा आवाज नाही. आवाज आईचा.

खुळखुळा तर जगात फार जुना आहे. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल यांनी त्यांच्या राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात आर्किटास नावाच्या माणसाच्या खुळखुळ्याचा उल्लेख केला आहे. कारण काय, तर मुलं स्वस्थ बसत नाहीत, खुळखुळा हातात दिला की ती गुंततात आणि घरातल्या वस्तू मोडत नाहीत. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं हे कारण आजही किती ओळखीचं वाटतं! मोबाईल हातात देण्यामागेही तेच असतं. फ्रोबेल यांचा चेंडू याच्या उलट आहे. तो बाळाला गुंतवून मोठ्यांना मोकळं करत नाही. मोठ्यांनाच बाळाजवळ बसवून ठेवतो.

आवाजाचा विचार त्यांनी केला नव्हता असं नाही. दुसऱ्या उपहारातला लाकडी गोल मुद्दाम कठीण आहे. मऊ चेंडू पडला तर आवाज नाही, लाकडी गोल पडला की खाडकन वाजतो. आकार तोच, पण एक मऊ, एक कठीण, एक मुका, एक वाजणारा. शेजारी घन ठेवला की आणखी फरक. गोल लगेच पळतो, घन जागीच बसतो. दंडगोल दोन्ही करतो. स्पर्श, आवाज आणि हालचाल यांची तुलना बाळ स्वतःच्या हाताने करतं.

१८३९ मध्ये पत्नी हेन्रिएटा वारल्या. १८४० मध्ये त्यांनी आपल्या कामाला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. आपल्या बालवाडी शब्दातल्या वाडीचा कोकणात बाग असाही अर्थ आहे, हे सहज आठवलं. १८४४ मध्ये आयांसाठी चित्रं, गाणी आणि बोटांचे खेळ असलेलं पुस्तक काढलं. ज्या माणसाला आईचा आवाज आठवत नव्हता, त्याने आईने बाळाशी कसं बोलावं, कसं खेळावं यावर एवढं काम केलं. आईच्या मायेची उणीव हेच त्यांच्या कामाचं एकमेव कारण होतं असं म्हणणं सोपं होईल. पण ती उणीव त्यांच्या आठवणींत वारंवार येते, हे मात्र खरं.

गावचा म्हातारा वेडा

१८४९ मध्ये फ्रोबेल बाड लिबेनस्टाइन या गावी राहत होते. सदुसष्ट वर्षांचा हा उंच, सडपातळ, लांब केसांचा माणूस गावातल्या मुलांबरोबर हात धरून फेर धरायचा, उड्या मारायचा. गावातले लोक त्यांना म्हातारा वेडा म्हणत. तिथे आलेल्या मारेनहोल्ट्झ-ब्यूलो या बाईंनी हे ऐकलं, त्या मुद्दाम बघायला गेल्या आणि त्यांच्या कामाशी कायमच्या जोडल्या गेल्या. पुढच्या वर्षी जवळच्या मारिएनथाल इथे फ्रोबेल यांनी तरुण मुलींना किंडरगार्टनच्या शिक्षिका म्हणून तयार करणारी शाळा सुरू केली. त्या काळात बाईमाणसाने पगारी शिक्षिका होणं अनेकांना पटत नव्हतं. आज आपल्या अंगणवाड्या आणि बालवाड्या ज्या ताईंच्या खांद्यावर उभ्या आहेत, त्यांच्या व्यवसायाची ही एक सुरुवात.

१८५१ च्या जूनमध्ये त्यांनी त्यांची विद्यार्थिनी लुइझा लेव्हिन यांच्याशी दुसरं लग्न केलं. दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १८५१ मध्ये, प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप होता की इथे मुलांना नास्तिक आणि समाजवादी केलं जातं. त्यात सरकारने फ्रोबेल यांची त्यांच्या पुतण्याशी, कार्ल फ्रोबेलशी गल्लत केली होती. कार्लने मुलींच्या शिक्षणावर एक पुस्तिका लिहिली होती आणि त्याचे विचार जहाल मानले जात. फ्रोबेल यांनी खुलासे पाठवले, पण बंदी उठली नाही.

२१ जून १८५२ रोजी मारिएनथाल येथे त्यांचं निधन झालं. बंदी उठायला १८६० साल उजाडलं. तोवर त्यांच्या विद्यार्थिनी आणि मारेनहोल्ट्झ-ब्यूलो बाईंनी हे काम इंग्लंड, फ्रान्सपर्यंत नेलं होतं. अमेरिकेत तर त्यांची एक विद्यार्थिनी, मार्गारेटा शुर्झ, हिने १८५६ मध्येच आपल्या घरी किंडरगार्टन भरवलं होतं. श्वाइना गावातल्या त्यांच्या समाधीवर दगडाचा घन, त्यावर दंडगोल आणि वर गोल ठेवलेला आहे. दुसरा उपहार.

आज यातलं काय घ्यायचं?

फ्रोबेल यांचं सगळंच जसंच्या तसं घ्यावं असं नाही. गोल हे विश्वाच्या एकतेचं प्रतीक, असं बरंच गूढ त्यांनी लिहिलं. बाळाला त्याच्याशी काही देणं-घेणं नसतं. नंतरच्या काही शिक्षकांनी तर उपहारांची कवायतच केली, बाईंनी सांगायचं आणि सगळ्या मुलांनी एकाच वेळी तोच ठोकळा उचलायचा. असं केलं की खेळ संपतो.

पण चेंडूच्या खेळातला गाभा आजच्या माहितीशी जुळतो. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं सगळ्यात बरं दिसतं, म्हणजे दूध पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्यावरचं. पहिल्या आठवड्यांत त्याला ठळक फरक असलेले आकार, जसं काळं-पांढरं, जास्त कळतात आणि रंगांची ओळख पुढच्या तीन-चार महिन्यांत सुधारते. तळहातावर काही टेकलं की मूठ आपोआप मिटते. हेतूने हात पुढे करणं तीन ते पाच महिन्यांच्या आसपास येतं, एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू देणं सुमारे सहाव्या महिन्यात. लपलेली वस्तू शोधू लागणं साधारण आठव्या महिन्यापासून. प्रत्येक बाळाचा वेग थोडा वेगळा असतो, हे मात्र विसरू नका.

घरी करून पाहा

१. उरलेल्या लोकरीचा घट्ट विणलेला एक चेंडू करा. आत स्वच्छ कापूस किंवा कापड. धुता आला पाहिजे आणि रंग जाता कामा नये. तो बाळाच्या तोंडात पूर्ण जाईल इतका लहान नको. मणी, बटणं, टिकल्या अजिबात लावू नका.

२. दोरी वीतभरच ठेवा आणि ती कायम मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. खेळ संपला की दोरीचा चेंडू उचलून ठेवायचा. पाळण्यात बाळाजवळ दोरी कधीही सोडू नका, गळ्याभोवती अडकण्याचा धोका असतो. चिमणाळंही बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं वर आणि पक्कं बांधा. बाळ हात-गुडघ्यांवर अंग उचलू लागलं की ते काढून टाका.

३. खुळखुळा द्यायचाच असेल तर आवाज मंद हवा, जोड पक्के हवेत, आतले दाणे बाहेर येता कामा नयेत. आधी बाळाच्या एका बाजूला वाजवा, ते वळून बघतं का पाहा, मग दुसऱ्या बाजूला. आवाजाकडे बाळ वळतच नाही असं वारंवार वाटलं तर डॉक्टरांना दाखवा.

४. एका वेळी एकच खेळणं. बाळाने तोंड फिरवलं, जांभई दिली, कुरकुर केली की थांबा. पुरे झालं, एवढंच ते सांगत असतं.

५. खेळताना बोला. घरात जी बोली असेल तिच्यात बोला, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोणतीही. आजी-आजोबांना आणि बाबांनाही दोरीचं टोक धरू द्या.

शिक्षकांसाठी एक सूचना. पहिलीच्या किंवा अंगणवाडीच्या पालकसभेत एखाद्या आईला बाळासह पुढे बसवून हा चेंडूचा खेळ पाच मिनिटं करून दाखवा. महागाचं खेळणं घेऊ न शकणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर, आपलं बाळ कशात मागे राहील अशी जी काळजी असते, ती अशा वेळी कमी होते. लोकर तर तिच्या घरात असतेच. तिचा आवाज बाळाला जन्माच्या आधीपासून ओळखीचा असतो.